जुन्या गाडीचे इंजिन मधूनच मिस मारते, मेकॅनिकसमोर मात्र कधीच नाही

चौथा_गिअर
नमस्कार. माझी गाडी वीस वर्षांची आहे. पेट्रोलवर चालणारे चार सिलिंडरांचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर, ठिणगीसाठी जास्त व्होल्ट तयार करणाऱ्या दोन कॉइल आणि त्या कॉइलपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या चार हाय टेन्शन वायर, असा तिचा जुन्या वळणाचा संसार आहे. गेले तीन महिने ती मधूनच मिस मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचे राहून जाते. सकाळी निघाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर असताना चढ लागला आणि ॲक्सिलरेटर दाबला, की कोणी मागून गाडीला हिसके द्यावेत तशी ती धडपडते. दोन-तीन मिनिटे हा प्रकार चालतो आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात ती पळू लागते. कधी चार दिवस काहीच होत नाही. कधी तासभर चालवून झाल्यावर जागेवर उभी असताना थरथरते.

मेकॅनिककडे तीन वेळा नेली आणि तिन्ही वेळा ती शहाण्या मुलीसारखी वागली. तरीही प्लग बदलून झाले, पेट्रोल फिल्टर बदलून झाला, थ्रॉटल बॉडी साफ करून झाली. स्कॅनरवर एकदा पी०३०० आणि दोनदा पी०३०३ (म्हणजे ३ नंबरच्या सिलिंडरचा मिस) हे कोड आले होते. आता कॉइल, इंजेक्टर किंवा पंप यांपैकी काहीतरी बदलून पाहू, असा सल्ला मिळतो आहे. माझा प्रश्न असा, की जो दोष डोळ्यांसमोर घडतच नाही, त्याचे निदान आणखी एखादा भाग विकत घेण्याआधी कसे करावे?

पायी_चालणारा
गाडीला मेकॅनिकचा धाक आहे हे उघड दिसते. त्यांचा फोटो डॅशबोर्डवर लावून पाहावा.

तेलकट_फडके
फोटो लावण्याआधी एक वही लावा. मधूनच येणाऱ्या दोषात "काय बिघडले" हा प्रश्न मागाहून येतो, "केव्हा बिघडते" हा आधी. इंजिन थंड होते की गरम, ताण होता की नव्हता, हवा कोरडी होती की दमट, टाकीत पेट्रोल किती होते, दिवे आणि पंखा चालू होता का, एवढे प्रत्येक वेळी लिहून ठेवा. तुमच्या वर्णनातच मला दोन वेगवेगळ्या तक्रारी दिसतात. एक थंड इंजिनाची, ताणावरची. दुसरी गरम इंजिनाची, आयडलिंगची. त्यांचे मूळ एकच असेल असे गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे कोड पुसू देऊ नका. कोड नोंदवताना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या क्षणाचे आकडेही साठवतो, ज्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यात इंजिनाचे फेरे, ताण, कूलंटचे तापमान आणि इंधनाची दुरुस्ती हे सारे असते. मेकॅनिकसमोर गाडी मिस मारत नसली तरी मिस मारली त्या क्षणाचा पंचनामा तिच्या पोटात असतो. बहुतेक ठिकाणी कोड वाचतात, लगेच पुसतात आणि तो पंचनामाही त्यासोबत जातो.

शंकासुर
पी०३०० चा अर्थ मिस कोणत्याही एका सिलिंडरचा नाही असा होतो. एका सिलिंडरचा दोष असता तर दरवेळी तोच आकडा आला असता. चारही सिलिंडरांना समान असणारी गोष्ट म्हणजे पेट्रोल. जुन्या गाडीत पंप थकतो, चढावर दाब कमी पडतो आणि गाडी हिसके देते. मी इंधनाच्या दाबापासून सुरुवात केली असती.

चौथा_गिअर
तेलकट_फडके यांचे आभार. शेवटचा पी०३०३ अजून पुसलेला नव्हता, म्हणून मित्राच्या स्कॅनरने वाचला. कूलंट ४१ अंश, फेरे १६५०, ताण ७८ टक्के, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंधनाची दुरुस्ती) अधिक १४ टक्के. म्हणजे थंड इंजिन, मंद फेरे आणि भरपूर ताण. ट्रिमचा आकडा पाहता शंकासुर यांचे म्हणणे बरोबर वाटते, कारण ईसीयू १४ टक्के जास्त पेट्रोल देत होता.

ओममीटर
त्या अधिक १४ वर इतक्या लवकर विश्वास ठेवू नका. एक्झॉस्टमधला सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर तिथले पेट्रोल जळत नाही आणि हवेतला ऑक्सिजनही वापरला जात नाही. तो तसाच बाहेर पडतो. सेन्सरला वाटते की हवा जास्त झाली, मिश्रण पातळ झाले. ईसीयू सगळ्यांनाच पेट्रोल वाढवून देतो, आणि जळत असलेली तीन सिलिंडरे उगाच जाड मिश्रणावर चालू लागतात. म्हणजे दोष ठिणगीचा असूनही आकडे पेट्रोलकडे बोट दाखवतात. या एका फसवणुकीमुळे कितीतरी धडधाकट पंप काढून टाकले गेले असतील.

आता ताणाविषयी. ठिणगीला प्लगमधली फट ओलांडायला किती व्होल्ट लागतात, हे फटीची लांबी आणि तिथल्या वायूचा दाब या दोहोंवर ठरते. फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये हे नाते मांडले. वरच्या गिअरमध्ये मंद फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबला, की सिलिंडर हवेने पूर्ण भरते, दाब चढतो आणि ठिणगीला सर्वांत जास्त व्होल्ट लागतात. उभ्या गाडीला नुसती रेस दिली तर फेरे वाढतात, पण सिलिंडर तितके भरत नाही. म्हणूनच मेकॅनिकने बोनेट उघडून कितीही रेस दिली तरी तुमची गाडी शहाणी राहते. वाढलेल्या व्होल्टना प्लगच्या फटीपेक्षा सोपी वाट सापडली, उदाहरणार्थ वायरच्या भेगेतून शेजारच्या धातूकडे, तर वीज त्या वाटेने जाते. सकाळचा दमटपणा ती वाट आणखी सोपी करतो.

नवे प्लग बसवताना त्यांची फट मोजली होती का, हे विचारून घ्या.

शंकासुर
ओममीटर यांचा ऑक्सिजनचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो एकतर्फी वापरू नका. अधिक १४ हा आकडा इनटेकमध्ये कुठून तरी हवा शिरत असली तरीही येतो. फरक ओळखायची सोपी रीत अशी, की इंजिन गरम करून आयडलिंगवर ट्रिम पाहावा आणि मग २५०० फेऱ्यांवर पाहावा. आयडलिंगवर फार जास्त आणि वर जाऊन शून्याजवळ आला, तर हवेची गळती. आयडलिंगवर ठीक आणि ताणावर वाढत गेला, तर पंप किंवा फिल्टर. इतके पाहिल्याशिवाय पंपाला निर्दोष सोडायला मी तयार नाही.

जुना_कार्बोरेटर
तुमचे स्कॅनर आणि ट्रिम वाचून गंमत वाटते. आमच्या काळात प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीने वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर असे, त्याच्या टोपीला आतून केसासारखी तडा गेलेली असे. तिच्यात ओल शिरली की काळी रेघ तयार होई आणि वीज त्या रेघेवरून भलत्याच सिलिंडरला जाई. टोपी काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, पॉइंट घासायचे, की गाडी चालू. कोणते सिलिंडर मेले आहे हे शोधायला इंजिन चालू ठेवून एकेक प्लगची वायर उपटायची. जी उपटल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर मेलेले. दोन मिनिटांत निकाल.

फिलर_गेज
कार्बोरेटर काका, पद्धत खरी आहे, पण या गाडीवर ती कोणीही करू नये. पहिले कारण तुमचा हात, कारण इथे व्होल्ट वीस हजारांच्या पुढे जातात. दुसरे कारण कॉइल. वायर उघडी राहिली की विजेला जायला वाट उरत नाही आणि ती कॉइलच्या आतले इन्सुलेशनच फोडते. तिसरे कारण एक्झॉस्टचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन पेटते आणि आतली सिरॅमिकची जाळी तापून वितळते. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर ईसीयू हाच धोका सांगत असतो. अशा वेळी पाय हलका करावा आणि गाडी ताणू नये.

मेलेले सिलिंडर शोधायचेच असेल तर इंजेक्टरचा कनेक्टर काढावा. पेट्रोलच बंद झाल्यामुळे कन्व्हर्टर सुरक्षित राहतो, आणि आवाजातला फरक तितकाच स्पष्ट ऐकू येतो.

जुना_कार्बोरेटर
हाताच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. दोन मिनिटांत निकाल लागे, त्यातले दीड मिनिट मी हात झटकत असे, हे सांगायचे राहून गेले.

काजळी
दोन कॉइल आणि चार वायर म्हणजे एकेका कॉइलवर दोन सिलिंडर आहेत, बहुधा १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी. एकाच वेळी दोन्ही प्लगांवर ठिणगी पडते. त्यांतली एक कामाची असते आणि दुसरी त्या सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या वेळी फुकट जाते. या रचनेचा निदानासाठी मोठा उपयोग आहे. कॉइल खराब असती तर २ आणि ३ दोन्ही रडायला हवी होती. वायर आतून तुटली असती तरी दोन्हींवर परिणाम होऊ शकला असता, कारण वीज एका प्लगमधून हेडमध्ये आणि तिथून दुसऱ्या प्लगमध्ये अशी फिरून येते. पण ३ ची वायर मध्येच धातूकडे वीज गळवत असेल, तर फेरा पूर्ण होतो, २ चा प्लग नीट चालतो आणि ३ एकटे उपाशी राहते. तुमचे कोड नेमके हेच सांगत आहेत.

पी०३०० चे फार मनावर घेऊ नका. मिस झाला हे ईसीयू क्रँकशाफ्टच्या गतीवरून ओळखतो. प्रत्येक स्फोटाला शाफ्टला धक्का बसतो, आणि तो बसला नाही की गती क्षणभर मंदावते. ३००० फेऱ्यांवर चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला १०० स्फोट होतात. गाडी हिसके देत असताना या गर्दीत चुकलेला धक्का कोणाचा, हे दरवेळी नेमके कळतेच असे नाही. खडबडीत रस्त्यावर तर चाकांचे हादरेही त्यात मिसळतात.

भाग विकत घेण्याआधी भागांची अदलाबदल करा, पण एका वेळी एकच. इंजेक्टर २ आणि ३ ची अदलाबदल केली आणि कोड पी०३०२ झाला, तर दोष इंजेक्टरचा. पी०३०३ च राहिला, तर इंजेक्टर सुटला. एकाच दिवशी प्लग, वायर आणि इंजेक्टर सगळे फिरवले, तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कधीच कळणार नाही. प्लग मात्र फार वापरलेले असतील तर ज्याचा त्याच सिलिंडरला ठेवा, कारण या रचनेत जोडीतल्या एका प्लगवर वीज उलट दिशेने जाते आणि दोघांची झीज वेगवेगळ्या टोकाला होते.

सेल्फ_स्टार्ट
हिसका बसतो त्या वेळी फेऱ्यांचा काटा पाहिला आहे का? काटा क्षणभर शून्याकडे पडत असेल, तर सिलिंडर सोडा आणि क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर पाहा. माझ्या गाडीत सेन्सर तापला की सिग्नल तुटत असे आणि चारही सिलिंडरे एकदम बंद पडत. निवला की पुन्हा सुरू.

चौथा_गिअर
काटा हलत नाही. हिसकेही एकदम बंद पडल्यासारखे नाहीत, एक पाय लंगडल्यासारखे आहेत.

वाफ
लंगडणे फक्त सकाळी, सेल्फ मारल्यावर पहिले अर्धे मिनिटच असते तर मी हेड गॅस्केट म्हटले असते. माझ्याकडे तेच निघाले. रात्रभर कूलंट थेंबथेंब सिलिंडरमध्ये झिरपत असे, सकाळी तो प्लग भिजलेला असे आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ येई. बाकी दिवसभर गाडी उत्तम. प्लग काढले तेव्हा तीन तपकिरी होते आणि चौथा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ. कूलंटची पातळी तेवढी दोन आठवडे पाहून ठेवा.

रात्रपाळी
इतकी चर्चा झाली, आता एक फुकटची परीक्षा सांगतो. अंधार पडू द्या. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, बोनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि आजूबाजूचे सगळे दिवे बंद करा. झाडांवर पाणी मारतात तसल्या बारीक फवाऱ्याच्या बाटलीने कॉइल, वायर आणि प्लगच्या टोप्या यांवर हलके धुके सोडा. पाइपाने धार मारू नका, हात दूर ठेवा, सैल बाही वर खोचा. वायर गळत असेल तर ठिणगी दिसेलच, बहुधा ऐकूही येईल. दमट सकाळी होणारा मिस तुम्हाला रात्री, हवा तेव्हा घडवून आणता येतो.

चौथा_गिअर
काल रात्री फवारा मारला. पहिली पाच मिनिटे काहीच दिसले नाही आणि शेजारच्यांना मी इंजिनाला आंघोळ घालतो आहे असे वाटले असावे. मग ३ नंबरच्या वायरवर, ती रॉकर कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) कडेला टेकते तिथे फवारा गेला आणि टक् टक् टक् असा घड्याळासारखा आवाज सुरू झाला. वाकून पाहिले तर वायरच्या वेष्टनातून कव्हरच्या बोल्टकडे सुईएवढी निळी ठिणगी उडत होती, आणि प्रत्येक टक् बरोबर इंजिन लंगडत होते. पाणी वाळले, ठिणगी गेली, इंजिन पुन्हा सुरळीत. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी तो मिस समोरासमोर पाहिला.

सकाळी वायर काढली. वायर बसायची ती क्लिप तुटली होती, त्यामुळे बोल्टवर घासून एके ठिकाणी रबर चकचकीत झाले होते आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे छिद्र होते. ओममीटर यांच्या सांगण्यावरून प्लगही काढून पाहिला. तीनच महिन्यांपूर्वीच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर, वरून खालपर्यंत, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ होती.

ओममीटर
ती रेघ हाच दुसरा चोरटा रस्ता आहे. तशीच रेघ वायरच्या टोपीच्या आतही असणार. प्लग बदलले, पण टोपी जुनीच राहिली, म्हणून नव्या प्लगवरही रेघ उमटली. आता वायर आणि तो प्लग दोन्ही बदला. नुसता मीटर लावून ही वायर कधीच सापडली नसती, कारण मीटर काही व्होल्टवर रोध मोजतो आणि गळती हजारो व्होल्टवर होते. प्लगच्या विहिरीत इंजिन ऑइल झिरपत नाही ना, तेही पाहून घ्या. ऑइलने टोपीचे रबर फुगते आणि मऊ पडते.

चौथा_गिअर
चारही वायर आणि ३ चा प्लग बदलला, क्लिप नवी लावली. तीन आठवड्यांत सकाळचे हिसके एकदाही आले नाहीत. शंकासुर यांनी सांगितल्याप्रमाणे ट्रिमही पाहिला. आयडलिंगवर अधिक ५, २५०० फेऱ्यांवर अधिक ३. पण तेलकट_फडके यांचे भाकीत खरे ठरले. तासभर चालवून गाडी उभी केली की थरथर अजून आहे आणि परवा पुन्हा पी०३०३ आला. फ्रीझ फ्रेममध्ये कूलंट ९४ अंश, फेरे ७६०. रेस दिली की थरथर जाते.

फिलर_गेज
आता माझा विषय आला. गरम झाल्यावर, मंद फेऱ्यांवर, एकाच सिलिंडरचा आणि रेस दिल्यावर जाणारा मिस दिसला, की मी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग, पाहतो. व्हॉल्व्ह तापला की लांबतो. त्यासाठी टॅपेटला फट ठेवलेली असते, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो म्हणून त्याची फट बहुधा इनटेकपेक्षा मोठी असते. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजत गेली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि ही फट कमी होत जाते. टॅपेट सैल झाला तर वाजतो म्हणून लोक लगेच घट्ट करून घेतात. घट्ट झालेला मात्र आवाज करत नाही, आणि म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. गरम झाल्यावर तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, निसटते. फेरे वाढले की निसटायला वेळच कमी मिळतो, म्हणून थरथर थांबते.

कॉम्प्रेशन दोनदा मोजा, थंड आणि गरम. चारही प्लग काढा, पेट्रोल आणि इग्निशन बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. गरम इंजिनाचे प्लग काढताना जोर करू नका, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात.

शंकासुर
आणि गरम इंजिनाचा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर गळती पिस्टनच्या रिंगांतून, तसाच राहिला तर व्हॉल्व्हमधून. पंपावरचा माझा आरोप मी मागे घेतो आहे, याची नोंद घ्यावी.

चौथा_गिअर
मोजले. थंड इंजिनावर चारही सिलिंडरे साडेअकरा ते बारा किलो. गरम इंजिनावर १, २ आणि ४ तशीच, आणि ३ फक्त साडेआठ. ऑइल टाकूनही पावणेनऊच्या वर गेला नाही. इंजिन रात्रभर निवू दिले आणि सकाळी रॉकर कव्हर उघडले. माझ्या गाडीच्या पुस्तकात एक्झॉस्टची फट ०.३० मिलिमीटर दिली आहे, आणि ३ नंबरच्या एक्झॉस्टला फट मोजायची ०.०५ ची पातीही शिरत नव्हती. बाकीचे तीन ०.२० ते ०.२५ च्या दरम्यान होते. सगळे नीट लावले. त्यानंतर गरम इंजिनावर ३ चा आकडा सव्वाअकरा आला, म्हणजे व्हॉल्व्ह जळण्याआधीच सापडला असे मी समजतो.

फिलर_गेज
तसेच समजा, पण दहा हजार किलोमीटरनंतर तीच फट पुन्हा मोजा. ती परत लवकर मिटली असेल तर सीट झिजते आहे आणि हेड उतरवावे लागेल.

पायी_चालणारा
मेकॅनिकना हे सगळे सांगितले का? की ते अजून पंप घेऊन वाट पाहत आहेत?

चौथा_गिअर
सांगायला गेलो होतो, पण गाडी मिस मारत होती यावर त्यांचा आधी विश्वासच बसेना, कारण त्यांनी ती कधी तशी पाहिलीच नव्हती. सुदैवाने जुनी वायर डिकीत होती. तीच ३ नंबरला लावली, बोल्टला टेकवली आणि बाटलीने फवारा मारला. गाडी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच मिस मारली. त्यांनी वाकून पाहिले आणि ती वायर ठेवून घेऊ का, असे विचारले.